नदीवरचं हिरवं मैदान

पुण्यात उन्हाळ्यात मुळा नदीच्या पुलावरून गेलात, तर बऱ्याचदा खाली पाणी दिसतच नाही. हिरवंगार मैदान दिसतं. लहानपणी मला ते खरंच मैदान वाटायचं. जांभळी फुलं बघून मी आईला म्हणाले होते, "इथे खेळायला जाऊया ना!"

ती जलपर्णी. आज तिच्याबद्दलच बोलूया.

ही मूळची दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. तिकडे नदीचं पाणी वर्षभरात काही ठिकाणी १० मीटर वर-खाली होतं. एका जागी मुळं रोवून बसलेलं रोप बुडणारच. जलपर्णी तरंगते. देठ फुगीर, आत स्पंजसारखी हवा. पाणी चढलं की तीही चढते. पाणी ओसरलं की चिखलात तग धरते, आणि बिया वर्षानुवर्षं चिखलात वाट बघतात. शिवाय आडवी फांदी सोडायची, टोकाला नवं रोप. ऊब आणि खाद्य मिळालं तर दोनेक आठवड्यांत दुप्पट!

फुलं सुंदर, म्हणून माणसांनीच ती जगभर नेली. बंगालमध्ये ती इतकी माजली, की १९३६ साली तिच्याविरुद्ध चक्क कायदा करावा लागला.

आणि आपल्याकडे? दर वर्षी यंत्रं येतात, ढीग काढतात. उरलेली पुरात वाहून जाते. पावसाळा संपला की बाईसाहेब पुन्हा हजर! कारण तिचं जेवण आपणच पाठवतो. सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस तिच्यासाठी खत आहे. वरून तिचा जाड थर, खाली उजेड नाही, पाण्यातला ऑक्सिजन कमी, मासे गुदमरतात. साचलेल्या पाण्यात डास होतात ते वेगळंच. आमच्या घरी संध्याकाळी पाचलाच खिडक्या बंद होतात.

तिला खाणारे भुंगे १९८०च्या दशकात भारतात आणून सोडले गेले. पण नदीत रोज खत पडत असेल, तर भुंगे तरी किती खाणार?

म्हणून मी आता जलपर्णीला शिव्या देत नाही. ती फक्त सांगते, की इथे मैलापाणी येतंय. तुमच्या गावच्या नदीवर असं मैदान दिसलं, तर फुलांचा फोटो जरूर काढा. पण "जलपर्णी कधी काढणार?" एवढंच विचारून थांबू नका. "आमचं सांडपाणी शुद्ध होऊन नदीत जातं का?" हेही विचारा.

भेटूया पुढच्या भागात!