मैफलीतून सभेत

जीवन, श्रद्धा, संगीत आणि राष्ट्रपुरुष या चार विषयांवर आपले काही चिंतन सांगावे, असा निरोप येथील आकाशवाणीच्या कार्यक्रम-अधिकाऱ्यांकडून आला, तेव्हा मी प्रथम घड्याळाकडे पाहिले. कारण यांतल्या एकेका विषयावर थोरामोठ्यांनी आपले जन्म वेचले आहेत, आणि मला मिळालेला अवकाश पाव तासाचाही नाही. म्हणून या चारही गोष्टी ज्या एका माणसाच्या आयुष्यात एकत्र आल्या, त्याच्याविषयीच बोलावे असे मी ठरविले. तो माणूस म्हणजे गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर.

राष्ट्रपुरुषांची जी नामावळी आपण शाळेत पाठ करतो, तीत त्यांचे नाव सहसा नसते. तीत तुरुंग भोगलेले असतात, वृत्तपत्रे चालविलेले असतात, फासावर गेलेले असतात, आणि ते असलेच पाहिजेत. गवई मात्र त्या पंक्तीला बसत नाही. त्याला तेथे बसवावे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

मी ज्या घरात वाढलो ते कचेरीत नोकरी करणाऱ्यांचे घर होते. आमच्याकडे गाणे ऐकणे हा दोष नव्हता. गाणारा होणे हा दोष होता. उत्सवाला गवई आला की त्याला बिदागी द्यावी, पानसुपारी करावी, त्याच्या तानेला मनापासून मान डोलवावी, आणि मुलीच्या स्थळाचा विषय निघाला की गवयाचे घर आधी वगळावे, ही त्या काळच्या सभ्य गृहस्थांची रीत होती, आणि तीत काही विसंगत आहे असे कोणाच्या स्वप्नातही येत नसे. संस्थानिकांच्या दरबारात तरी गवयाची निराळी काय अवस्था होती? तेथे त्याला तनखा मिळे, क्वचित इनामही मिळे. परंतु हत्ती, घोडे, चोपदार यांच्याप्रमाणे तोही दौलतीच्या शोभेचाच एक भाग समजला जाई.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडचा. वडील कीर्तनकार. लहानपणी दत्तजयंतीच्या सणात शोभेच्या दारूचा भडका उडून त्यांची दृष्टी कायमची अधू झाली, विद्यालयीन शिक्षणाची वाट बंद झाली, आणि मग गाणे शिकण्यासाठी ते मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे राहिले. मिरजकर अधिपतींचा त्यांच्यावर लोभ होता. असे सांगतात की गावातील एका समारंभाचे निमंत्रण विष्णुला आले, त्याच्या गुरूला आले नाही; आणि विष्णुने कारण विचारले तेव्हा, ते काय, एक गवई आहेत, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. ज्याच्या पायाशी बसून आपण विद्या घेतो, ती विद्या आहे म्हणूनच तो पंक्तीबाहेर, हे ज्या तरुणाला प्रथम जाणवले असेल त्याच्या मनाची कल्पना करावी. १८९६ साली त्यांनी आश्रय सोडला, मिरज सोडली आणि एकदोन सोबती घेऊन ते उत्तरेकडे निघाले.

मिरजेविषयी येथे दोन शब्द अधिक बोलण्याचा मोह मला आवरत नाही. बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरची गायकी आणली ती वासुदेवबुवा जोशांकडून, आणि वासुदेवबुवा शिष्य होते हस्सूखाँचे. म्हणजे विष्णु दिगंबरांच्या ज्या गळ्यातून पुढे देशभर रामनाम गेले, त्या गळ्याची तालीम दोन पिढ्यांपलीकडे एका मुसलमान उस्तादाच्या घरची होती. त्याच मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीमखाँ हजेरी लावीत. त्याच मिरजेत पिढीजात सतारमेकर मुसलमान कारागीर तंबोरे घडवीत आणि आजही घडवितात. आणि त्या तंबोऱ्यांचे भोपळे येतात पंढरपूरच्या मुलखातून. हे सारे इतके रोजचे आहे की मिरजेत त्याचे कोणाला नवल वाटत नाही. मला वाटते.

उत्तरेकडच्या त्या भ्रमंतीत विष्णु दिगंबरबुवांनी जी गोष्ट केली, तिचे महत्त्व संगीताच्या इतिहासकारांपेक्षा अर्थशास्त्र्यांना अधिक कळेल. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. तिकिटाचा जलसा आज आपल्याला इतका परिचयाचा झाला आहे की त्यात क्रांती कसली, असे कोणी विचारील. परंतु ज्याने पैसे मोजले त्या कोणाही माणसाला, मग तो वाणी असो, कारकून असो वा मास्तर असो, सरदाराच्या शेजारी बसून गाणे ऐकण्याचा अधिकार मिळाला, आणि गवयाच्या पोटाची सनद एका धन्याच्या हातून निघून अनेकांच्या हाती गेली, ही गोष्ट लहान नव्हे.

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. परका प्रांत, परकी भाषा, खिशात पैसा नाही, पाठीशी राजाश्रय नाही. पहिले काही दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही आणि बुवा एकटेच तंबोरा लावून ठरल्या वेळी बसत, अशी आठवण सांगितली जाते. पुढे विद्यार्थी आले, स्त्रियांसाठी वर्ग निघाले, क्रमिक पुस्तके निघाली, स्वरलेखनाची त्यांची स्वतःची पद्धती निघाली. आणि उपदेशक वर्ग म्हणून एक निराळा वर्ग निघाला, ज्यात मुले करारनामा लिहून देऊन बुवांच्या घरी राहत, जेवत, शिकत आणि मग शिकविण्यासाठी गावोगाव जात. १९०८ साली मुंबईस शाखा निघाली, तिची इमारत उठली, कर्ज वाढले, आणि अखेर ती इमारत लिलावात गेली. बुवांना हिशेब येत नव्हता असे काही लोक म्हणतात. मला वाटते, हिशेब येत होता. थांबता येत नव्हते.

त्यांची सारीच मते मला मान्य आहेत असे नाही. ख्यालांच्या व ठुमऱ्यांच्या चिजांतील शृंगार त्यांना खपत नसे. गाणे सभ्य घरात न्यायचे तर त्याचे शब्द सभ्य पाहिजेत, या न्यायाने त्यांनी कित्येक चिजांचे शब्द बदलले आणि प्रियकराच्या जागी देव आणून बसविला. या शुद्धीकरणात काही सुंदर, जिवंत, खट्याळ असे कायमचे गेले, याची हळहळ मला आहे. शिवाय ज्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या हे गाणे कंठात जपले, त्यांना या नव्या सभ्य घरात कोणी बोलाविले नाही. परंतु ज्या माणसाने आपल्या गुरूचा तो अवमान पाहिला होता, त्याने सोवळेपणा जरा अधिकच पाळला, तर त्याला दोष देताना आपली जीभ थोडी अडखळावी.

त्यांच्या श्रद्धेकडे वळतो. बुवांना बारा अपत्ये झाली आणि त्यांतील एकच, दत्तात्रेय, जगले. उत्तरायुष्यात बुवांनी भगवी वस्त्रे घेतली, नाशिकास पंचवटीत रामनाम-आधार आश्रम काढला, आणि तुलसीरामायणावर ते गाऊन प्रवचने करू लागले. मी स्वतः फार श्रद्धावान माणूस नाही. देवळात गेलो तर नक्षी आधी पाहतो आणि मूर्ती नंतर. परंतु दुःखाला तर्काने दिलेली उत्तरे मी पुष्कळ ऐकली आहेत आणि ती ऐकून कोणाचे रडणे थांबलेले मी पाहिलेले नाही. एवढे मृत्यू घरात पाहिलेला, डोळ्यांनी अधू, कर्जाने गांजलेला हा माणूस दर सायंकाळी हजारो लोकांना एका नामाच्या गजरात बसवितो, तेव्हा त्या नामात काय आहे हे मला ठाऊक नसले तरी त्या बसविण्यात काय आहे ते मला दिसते. काही टीकाकार म्हणाले की गवई बैरागी झाला आणि गाण्याचे नुकसान झाले. मला तर वाटते की कीर्तनकाराचा मुलगा दरबार, जलसा आणि विद्यालय पालथे घालून शेवटी बापाच्याच नारदीय गादीवर परत आला, आणि येताना ग्वाल्हेरची गायकी बरोबर घेऊन आला.

राष्ट्रसभेच्या अधिवेशनांत ते ‘वंदे मातरम्’ गात. १९२३ साली काकीनाड्यास मौलाना महंमद अली अध्यक्ष होते. बुवा गाण्यास उभे राहिले, तेव्हा आपल्या धर्मसमजुतीस अनुसरून मौलानांनी संगीताला हरकत घेतली. आणि ही राष्ट्राची सभा आहे, कोणा एका धर्माचे प्रार्थनास्थान नव्हे, अशा आशयाचे उत्तर देऊन बुवांनी गीत शेवटपर्यंत म्हटले. ही हकीकत आपल्याकडे विजयाच्या आवेशाने सांगितली जाते. मला ती सांगताना थोडा खेद होतो. मौलाना काही लहान माणूस नव्हते. देशासाठी त्यांनी कारावास सोसला होता. दोघेही आपल्या निष्ठेला जागले, आणि दोन निष्ठा एकाच व्यासपीठावर एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहिल्या. हस्सूखाँची तालीम त्या क्षणी कोणालाच आठवली नसेल. तरीही बुवांनी गाणे थांबविले नाही हे मला योग्यच वाटते, कारण अध्यक्षांच्या मर्जीवर गवयाने उठावे की बसावे, हा जुना दरबारी रिवाज मोडण्यातच तर त्यांचे आयुष्य गेले होते.

गांधीजींना आश्रमासाठी एक संगीतज्ञ हवा होता, तेव्हा बुवांनी आपला शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना दिले. आश्रम-भजनावली ही खरे यांनी सिद्ध केली. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून दांडीकडे जे सत्याग्रही निघाले त्यांत खरे होते. वाटेवरच्या प्रार्थनांत भजन त्यांचे, आणि जी रामधून पुढे देशाच्या तोंडी बसली तिची चाल त्यांच्या गुरूची, असे मानले जाते. मिठाचा कायदा मोडण्यास भजन कशाला हवे, असा प्रश्न चळवळीतील व्यवहारी मंडळी त्या काळी विचारीत असतील. परंतु रोज मैलोगणती चालणारी माणसे, गावोगावचे अनोळखी लोक, त्यांची जात निराळी, बोली निराळी, यांना संध्याकाळी एका जागी शांत बसवून एकच ओळ एकाच तालात म्हणायला लावणे, हे भाषणाने होत नाही. भाषणात एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात. धुनेत ऐकणारा उरतच नाही. दरबारी मैफलीत नेमके याच्या उलट असे. तेथे गाणारा एक, ऐकणारे मोजके, आणि वाहवा देण्याचा पहिला मान यजमानाचा.

बुवा २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेसच वारले. जे गाव त्यांनी सोडले होते त्याच गावी. त्या वेळी दत्तात्रेय दहा वर्षांचे होते. ते पुढे किती गोड गाईले आणि पस्तिशीही न गाठता १९५५ मध्ये कसे गेले, हे श्रोत्यांना मी सांगायला नको. त्यांच्या ध्वनिमुद्रिका याच यंत्रातून आपण ऐकता. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, देवधर, ओंकारनाथ ठाकूर हे सारे बुवांच्या हाताखालून गेलेले. १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी आकाशवाणीवरून ‘वंदे मातरम्’ गाईले ते ओंकारनाथांनी. त्याच महिन्यात लाहोर परक्या देशात गेले.

आज तालुक्याच्या गावीसुद्धा गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा होतात. प्रवेशिकेला बसलेली मुले शाळेच्या व्हरांड्यात भूपाचे आरोह-अवरोह घोकत उभी असतात, आणि परीक्षेने गवई निर्माण होतो काय, असा उपहास जाणकार करतात. तो उपहास खराही आहे. पण त्या रांगेत मामलेदाराची मुलगी असते, शिंप्याची असते, आणि आपली मुलगी गाणे शिकते हे दोघींचेही बाप चारचौघांत न अडखळता सांगतात. आमच्या वडिलांच्या पिढीतला कोणताही कचेरीतला गृहस्थ हे सांगू शकला नसता.