आमरस, देवघर आणि लाइटहाऊस

आजचा भाग थोडा सुट्टीचा आहे आणि थोडा अभ्यासाचा.

मागच्या मे महिन्यात मी ताईच्या मुलीला घेऊन ठाण्याहून मांडवी एक्स्प्रेसने रत्नागिरीला, आमच्या घरी गेलो. भाची पाचवीत जाणार होती. शाळा मराठी माध्यमाची, पण जूनपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. खिडकीची जागा मिळूनही पोरगी बाहेर बघेना. मांडीवर वही, वहीत चाळीस इंग्रजी शब्द, आणि ओठ पुटपुटतायत. विचारलं तर म्हणाली, "मामा, मला इंग्रजी नाहीच येणार. एवढं कोण पाठ करणार?"

हे वाक्य माझ्या चांगलंच ओळखीचं आहे. का, ते शेवटी सांगतो.

मी तिची वही बंद केली. म्हटलं, "आता करबुड्याचा बोगदा येईल. साडेसहा किलोमीटरचा आहे, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. तो संपेपर्यंत, आपण घरात रोज बोलतो असे इंग्रजी शब्द सांगायचे. अट एकच, शब्दात दोन शब्द लपलेले पाहिजेत." अंधार झाला आणि ती सुरू झाली. रेनकोट, टूथब्रश, होमवर्क, फुटबॉल, पासवर्ड, नोटबुक. उजेड आला तेव्हा बोटं संपली होती. म्हटलं, "यातलं तू पाठ काय केलं होतंस?" ती गप्प. मग हळूच म्हणाली, "काहीच नाही."

इंग्रजीत यांना कंपाउंड वर्ड्स म्हणतात. मराठीत आपण याला समास म्हणतो, तोच प्रकार. गंमत म्हणजे इंग्रजीतले भाषाशास्त्रज्ञसुद्धा तत्पुरुष, द्वंद्व, बहुव्रीही हे संस्कृत व्याकरणातले शब्द जसेच्या तसे वापरतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही रत्नदुर्गावर गेलो. तिथून दीपगृह दिसलं. ती म्हणाली, "लाइटहाऊस! पण हा लाइट आहे की हाऊस?" प्रश्न झकास होता. मला पटकन सोपं उत्तर सुचेना.

उत्तर दिलं माझ्या आईनं. तिला इंग्रजी येत नाही. रात्री पानात आमरस वाढता वाढता म्हणाली, "अगं, आमरस म्हणजे रस. कसला? आंब्याचा. देवघर म्हणजे घर. कुणाचं? देवाचं. शेवटी काय येतं ते बघायचं."

मंडळी, बहुतेक इंग्रजी जोडशब्दांची किल्ली हीच आहे. शेवटचा शब्द वस्तू सांगतो, पहिला तिचा प्रकार. हाऊसबोट ही बोट असते, राहण्याची. बोटहाऊस हे घर असतं, बोटी ठेवण्याचं. शब्द तेच, क्रम बदलला की वस्तू बदलली.

उच्चारातही एक खूण असते. ग्रीनहाऊस म्हणजे रोपांचं हरितगृह, तिथे जोर फक्त 'ग्रीन'वर. हिरव्या रंगाचं घर म्हणायचं असेल तर 'ग्रीन' आणि 'हाऊस' सुटं म्हणायचं, 'हाऊस'वरही जोर द्यायचा. लिहिताना मात्र पक्का नियम नाही. नोटबुक जोडून, आइस क्रीम सुटं, मदर-इन-लॉमध्ये मधे रेघा. तिथे सरळ शब्दकोश बघायचा.

आणि हो, ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही. भाट्याच्या किनाऱ्यावर भाचीनं 'बटरफ्लाय'चा विग्रह केला, "लोण्याची माशी!" आणि वाळूत लोळून हसली. जेलीफिश हा मासाच नाही हे कळल्यावर तर जास्तच हसली. मला ते हसणं फार आवडलं. तीन दिवसांपूर्वी चुकायला घाबरणारी पोरगी आता चुकून हसत होती.

परतीच्या गाडीत तिनं स्वतःच वही उघडली. बॅकबोन? "पाठीचं हाड... म्हणजे कणा!" आयलिड पाशी अडली. म्हटलं, "लिड म्हणजे झाकण, डब्याचं असतं तसं." तिनं डोळे मिटले, उघडले आणि ओरडली, "पापणी!" समोरचे आजोबा दचकून जागे झाले.

आता माझी गोष्ट. मीही मराठी माध्यमाचा. बीटेकच्या शेवटच्या वर्षात पहिल्या मुलाखतीत मला विचारलं, "तुमच्या प्रोजेक्टमध्ये बॉटलनेक कुठे होता?" बॉटल मला माहीत होतं, नेक माहीत होतं. डोळ्यांसमोर बाटलीची मान आली. अरुंद, सगळं पाणी तिथे अडतं. पण वाटलं, इतका बाळबोध अर्थ कसा असेल, लोक हसतील. मी गप्प बसलो. नोकरी गेली. घरी येऊन शोधलं तर अर्थ तोच होता. सगळ्या कामाचा वेग जिथे अडतो ती अरुंद जागा. प्रोजेक्टमधली ती जागा मला तोंडपाठ होती.

मी शब्दाला अडलो नव्हतो, अंदाज मोठ्यानं सांगायला अडलो होतो.

म्हणून घरात कुणी इंग्रजी शब्दांच्या यादीपुढे रडकुंडीला आलं असेल, तर आधी त्याला येणारे शब्द मोजायला लावा. मग नवा शब्द फोडायला सांगा आणि अंदाज मोठ्यानं बोलायला लावा. लोण्याची माशी निघाली तर सोबत हसा, आणि मग शब्दकोश उघडा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!