शनिवारचा हिशेब



संयोजकांनी मला कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायला सांगितलं होतं. पण ते माझं रोजचं पोटापाण्याचं काम आहे आणि त्यावर सध्या सगळेच बोलतात. म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी विषय बदलला. आपण सगळे आता पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. या वयात नोकरी, संसार, देवधर्म सगळंच सवयीनं चालू राहतं. आमचं घर ख्रिस्ती, हे तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहे. नाताळच्या करंज्या आमच्यापेक्षा तुम्हीच जास्त खाल्ल्या आहेत. ही श्रद्धा सवयीनं शिळी होऊ नये म्हणून काय करता येतं, त्याबद्दल थोडं बोलते.

माझे बाबा पुलगावच्या मिलमध्ये कामाला होते. आमच्या मंडळीत महिन्यातून एकदा प्रभुभोजन असायचं. ती भाकर आणि तो प्याला घेण्याआधी प्रत्येकानं स्वतःची परीक्षा करावी, असं पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलं आहे. बहुतेक लोक ती परीक्षा बाकावर बसून, डोळे मिटून, मिनिटभरात उरकतात. बाबा ती आदल्या शनिवारी रात्री करायचे. जेवण झालं की अंगणात खाट टाकून एकटेच बसायचे. हातात पुस्तक नाही, जवळ दिवा नाही. आम्हा पोरांना तेवढा वेळ गडबड करायची मनाई. कधीकधी मधेच उठून चपला घालायचे. आई विचारायची, "आता कुठं?" "त्याच्या घरी जाऊन येतो, मंग झोपतो."

हा 'तो' म्हणजे आमच्या नात्यातलाच एक माणूस. नाचणगावच्या शेताच्या धुऱ्यावरून त्याचा आणि बाबांचा वाद होता. खरं सांगायचं तर तो वाद आजही मिटलेला नाही. पण दोन्ही घरांचं बोलणं कधी बंद पडलं नाही. अर्पण वाहायच्या आधी भावाशी समेट करावा, असं मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. बाबांनी ते अगदी सरळ अर्थानं घेतलं होतं. परीक्षा संपायची ती कुणाच्या तरी दारात.

माझ्या कामात एक गोष्ट नेहमी दिसते. पडद्यावर सगळे दिवे हिरवे असतात, सर्व्हर चालू असतो, आणि आत कामं मात्र तासन्‌तास तुंबलेली असतात. मशीन 'मी जिवंत आहे' एवढंच कळवत राहतं. म्हणून आम्ही ठरावीक दिवशी, तक्रार आलेली नसतानाही, आत डोकावतो.

पंडिता रमाबाईंचं असंच काहीसं झालं होतं. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवा मुली शिकत होत्या, नाव होत होतं, टीकाही होत होती. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांच्या ख्रिस्तीपणात काय कमी दिसणार? पण बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही. १९०७ साली छापलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हे स्वतःच लिहून ठेवलं. एवढ्या विद्वान बाईनं, संस्था ऐन भरात असताना, असं स्वतःला विचारावं याचं मला फार वाटतं. मुक्ती मिशनचं काम आणि संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर हे सगळं त्यानंतरचं. रेव्हरंड टिळकांचंही तेच. बाप्तिस्मा १८९५ चा, आणि बावीस वर्षांनी, १९१७ साली, मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. म्हणजे एकदा तपासून झालं, आता सुटलो, असं यात नसतं.

आता आपल्या जिल्ह्यातला माणूस. वर्ध्याचं मगन संग्रहालय आपण पाहिलं आहे, पण त्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा राहत होते हे कितीजणांना आठवतं? तंजावरचे ख्रिस्ती, लंडनला शिकलेले हिशेबतपासनीस. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचे ते सचिव. त्याच वर्षी बिहारमध्ये भूकंप झाला आणि मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे आले. गांधीजी तिथं गेले, तेव्हा त्यांच्यासोबतच्या मंडळींचा खर्च या निधीतून मिळणार नाही, असं कुमारप्पांनी सांगून टाकलं. ज्या खात्यावर कुणी संशय घेणार नाही, तेच त्यांनी आधी उघडलं. बेचाळीसच्या आंदोलनात तुरुंगात असताना त्यांनी येशूवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं. त्याच्या नावात आचरण आधी आहे आणि उपदेश नंतर. मला वाटतं, हा हिशेबनिसाचाच क्रम आहे.

मी काय करते? शनिवारी रात्री पंधरा मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत. या आठवड्यातली कुठली प्रार्थना नुसती तोंडानं झाली? कुठलं चांगलं काम कुणीतरी पाहावं म्हणून केलं? आणि कुणाचा फोन आला की मी तो वाजू देते? पंधरा मिनिटांच्या वर मी बसत नाही. फार उकरत बसलं की माणूस देवाकडे पाहायचं सोडून स्वतःकडेच पाहत राहतो, मग ते पश्चात्तापाच्या नावाखाली का असेना. दुसरं म्हणजे, या वेळात नवऱ्याची किंवा सासूबाईंची परीक्षा घ्यायची नाही. हे जास्त अवघड आहे. (हसू नका, तुमच्याही घरी तेच आहे.)

माझी जैन मैत्रीण प्रतिक्रमणाबद्दल सांगते, तेव्हा तिच्याकडे ही शिस्त आमच्यापेक्षा पक्की आहे असं वाटतं. ज्याच्या त्याच्या घरी याला वेगळं नाव असेल. माझ्याकडे बाबांची खाट आहे.

तीन प्रश्नांतला तिसरा सगळ्यांत त्रासाचा, कारण पहिल्या दोघांचं उत्तर देवाला देऊन भागतं, याला चपला घालाव्या लागतात. आज शनिवार आहे. माझ्या यादीत दोन नावं आहेत आणि दोघंही याच सभागृहात बसले आहेत. चहाच्या वेळी मी तुमच्याकडे येते आहे.