माहिती कुणासाठी गोळा करायची?

श्रोतेहो, गावात पाहणी आली की काय होते, ते तुम्हांला ठाऊकच आहे. छापील तक्ते येतात. गावातल्या चार शिकलेल्या पोरांना हाताशी धरतात. ती उन्हातान्हात घरोघर फिरतात. घरात माणसे किती, जमीन किती, गुरे किती! तक्ते भरले की गठ्ठा शहराकडे जातो. त्यातून पुढे काय निघाले, हे गावाला कळत नाही आणि त्या पोरांनाही कळत नाही. त्यांच्या पदरात पडतो एक कप चहा.

पाहणी वाईट नव्हे. पण जो राबला, त्याच्या हाती काही राहिले पाहिजे की नाही?

मुंबईत ‘पुकार’ नावाच्या संस्थेने २००५ साली हाच विचार धरून तरुणांसाठी एक उपक्रम सुरू केला. तरुणांनी गट करायचा, आपल्या जगण्यातला प्रश्न आपणच निवडायचा आणि वर्षभर त्याचा शोध घ्यायचा. पदवीची अट नाही. संस्थेचे संस्थापक अर्जुन अप्पादुराई यांनी २००६ साली लिहिले की, संशोधन हा प्रत्येकाचा हक्क आहे. खरेच आहे ते. ज्याला आपल्या परिस्थितीची नीट माहिती काढता येत नाही, त्याला आपली मागणीही नीट मांडता येत नाही.

मुंबईच्या कौला बंदर वस्तीत याच संस्थेच्या तरुणांनी घरोघर जाऊन पाण्याची चौकशी केली. तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक घरांना माणशी रोज ५० लिटरही पाणी मिळत नव्हते, आणि त्यासाठी महापालिकेच्या दराच्या ५० पटींहून अधिक पैसे मोजावे लागत होते. हाल तर सारेच सोसत होते. आता त्यांचा आकडा हाती आला.

आता आपल्या बोदवडकडे वळू. कापसाचा हा मुलूख, आणि पाण्याची ओढ काही नवी नाही. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलांना विचारा, तुम्हांला काय जाणून घ्यायचे आहे? पाणी भरणाऱ्या मुलींना आधी विचारा. विहिरीचे पाणी कुठवर टिकेल, असे त्या म्हणाल्या, तर काम सोपे आहे.

मालकांची परवानगी घेऊन चार-पाच विहिरी निवडा. कठड्यावर एक खूण करा. दोरीला वजन बांधून, सकाळी मोटार सुरू होण्याआधी, त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा. वाकून पाहणे मुलांचे काम नव्हे. तिथे मोठे माणूस हवेच. सरकारची भूजल सर्वेक्षण यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत पातळी मोजते. आपणही तेच महिने धरले, तर आकडे ताडून पाहता येतील. ऑक्टोबरात पाणी किती, हे कळले की रब्बीला गहू पेरावा की हरभऱ्यावर भागवावे, याचा अंदाज घरातच बांधता येईल.

मात्र काही पथ्ये पाळा, बरं का! प्रश्न मुलांनी ठरवावा. कुणावर सक्ती नसावी. कापूस वेचणीच्या दिवसांत आणि परीक्षेच्या तोंडावर हे ओझे नको. वहीवर मुलांची नावे असावीत, आणि वही गावातच राहावी. आकडे ग्रामसभेत मुलांनीच वाचावेत. सरपंचभाऊंनी त्यांना तेवढा वेळ द्यावा. कुणाच्या विहिरीत पाणी किती, याची चुगली होऊ नये. एकत्र आकडा सांगावा.

अशा कामात मूल वजाबाकी शिकते, आलेख काढते, मोठ्यांपुढे उभे राहून बोलते. समजा, पाऊस चांगला झाला आणि टंचाई टळली, तरी ही शिदोरी त्याच्याजवळ राहतेच.

तेव्हा पुढल्या वेळी कुणी तक्ते घेऊन गावात आले, तर त्यांना आदराने बसवा आणि एवढे विचारा, “साहेब, यातले आमच्या पोरांच्या हाती काय राहील?” उत्तर समाधानाचे मिळाले, तर जरूर हातभार लावा.