यंत्रांची शर्यत आणि आपली मराठी

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून गतकाळाचा गौरव करावा, अशी रीत आहे. तो माझ्याआधीच्या ज्येष्ठ वक्त्यांनी यथोचित केला. आपल्या अनुज्ञेने मी आज एका प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहे. हे उत्तर माझ्याकडे गेल्या जूनपासून थकलेले आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एक पालक शाळा सोडल्याचा दाखला मागण्यासाठी आले. ते स्वतः आपल्याच शाळेचे विद्यार्थी. मीच त्यांना नववीला मराठी शिकवलेले. मुलगी तिसरीत जाणार होती. खुर्चीवर बसायलाही त्यांना संकोच वाटत होता. म्हणाले, “बाई, मी या शाळेमुळे घडलो हे विसरलेलो नाही. पण आता यंत्रेसुद्धा इंग्रजीत विचार करू लागली आहेत. मुलीला मराठीत ठेवून मी तिला शर्यतीतून बाहेर तर काढत नाही ना?” मी दाखल्यावर सही केली. त्या क्षणी माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि नुसता अभिमान सांगून पालकाला थोपवणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही.

ही शर्यत कोणती, हे आधी पाहू. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले झाले आणि कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतून घराघरांत आली. तेव्हापासून जगातील मोजक्या बलाढ्य कंपन्या परस्परांवर मात करण्यासाठी अक्षरशः पाण्यासारखा पैसा ओतत आहेत. या यंत्रांना तीन गोष्टी लागतात : गणनेसाठी विशेष प्रकारच्या चिप, भरपूर वीज आणि वाचण्यासाठी अफाट मजकूर. चिप कोणाला मिळाव्यात यावरून राष्ट्रांत चुरस आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने चीनला प्रगत चिप विकण्यावर कडक निर्बंध घातले. तरीही जानेवारी २०२५ मध्ये ‘डीपसीक’ या चिनी कंपनीने कमी खर्चात तयार केल्याचा दावा करीत आपले प्रारूप जगापुढे ठेवले, तेव्हा चिप बनवणाऱ्या ‘एनव्हिडिया’ कंपनीचे बाजारमूल्य एका दिवसात सुमारे ५९ हजार कोटी डॉलरने घसरले. एका कंपनीच्या यशाने दुसऱ्या खंडातील भांडवल एका दिवसात हादरते, इतकी ही स्पर्धा तीव्र आहे.

सरकारेही स्वस्थ बसलेली नाहीत. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचा कायदा १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात येऊ लागला. भारताने मार्च २०२४ मध्ये १० हजार ३०० कोटी रुपयांहून अधिक तरतुदीचे ‘इंडियाएआय मिशन’ मंजूर केले. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय भाषा जाणणारे स्वदेशी प्रारूप घडवण्यासाठी बंगळुरूच्या ‘सर्वम’ या कंपनीची निवड झाली. महाराष्ट्राने जून २०२५ मध्ये शेतीसाठी ‘महाअ‍ॅग्री-एआय’ धोरण स्वीकारले. २०२६-२७ पासून तिसरीच्या वर्गापासूनच या विषयाची ओळख करून देण्याचे केंद्राने जाहीर केले आहे. म्हणजे त्या पालकांची मुलगी कोणत्याही शाळेत गेली, तरी हा विषय तिच्यासमोर येणारच आहे.

आणि नोकऱ्या? आपले कितीतरी माजी विद्यार्थी पुण्यात, हिंजवडीत, खराडीत सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात आहेत. जुलै २०२५ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्याचे कारण यंत्र नसून कौशल्यांचा मेळ बसत नाही हे आहे, असे कंपनीने सांगितले. तरी त्या बातमीने अनेक घरांत त्या रात्री झोप लागली नाही. आपल्याच एका विद्यार्थ्याने मला दूरध्वनीवर सांगितले, “बाई, चाचणीची, दुरुस्तीची, छोट्या आज्ञावल्या लिहिण्याची जी कामे करून मी वर आलो, ती आता यंत्र करते. नव्या मुलांनी पहिला पाय ठेवायचा कुठे?” हा प्रश्न मला त्या पालकांच्या प्रश्नाइतकाच खरा वाटतो.

या दोन्ही प्रश्नांचा विचार करताना मला माझे बालपण आठवत राहिले. आपणांपैकी अनेकांना ठाऊक नसेल, मी मूळची लखनौची. वडिलांच्या नोकरीमुळे आमचे बिऱ्हाड अमीनाबादेत होते. घरात मराठी, गल्लीत उर्दूमिश्रित हिंदी. गडबडझाल्यातल्या बांगड्या, गुरुवारचा बाजार आणि पुस्तकांची दुकाने, हे माझे जग. आमच्या जिन्याखालच्या खोलीत एक वृद्ध कातिब बसत. कातिब म्हणजे छपाईसाठी उर्दू मजकूर हाताने लिहून देणारा सुलेखनकार. उर्दूची नस्तालिक लिपी तिरकी उतरत जाते, अक्षर शेजारी पाहून आकार बदलते. ती खिळ्यांच्या छपाईला कधी नीट वश झाली नाही. म्हणून लखनौसारख्या शहरात, जिथे नवलकिशोर छापखाना १८५८ पासून उभा होता, तिथे पिढ्यान् पिढ्या कातिबांच्या हातानेच पुस्तके घडली. आम्ही मुले त्यांना ‘चाचा’ म्हणत असू. बोरू तासताना ते आम्हाला शेजारी बसू देत. लिहिताना मात्र बोलू देत नसत.

पुढे लग्न होऊन मी महाराष्ट्रात आले. काही वर्षांनी माहेरी गेले, तेव्हा त्या खोलीत संगणक होता आणि चाचांचा मुलगा त्यावर ‘इनपेज’ नावाच्या आज्ञावलीत लग्नपत्रिका जुळवत होता. चाचा कोपऱ्यात बसून होते. मला वाटले, यंत्राने त्यांचा पराभव केला. तसे म्हणताच त्यांनी मान हलवली आणि पडद्यावरच्या अक्षराकडे बोट दाखवून म्हणाले की, बेटी, हे वळणही कुण्या कातिबाच्याच हातचे आहे. त्यांचे म्हणणे खरे होते. संगणकावरचे ते नस्तालिक ज्या ‘नूरी नस्तालिक’वर आधारलेले होते, ते मिर्झा अहमद जमील या सुलेखनकाराने हजारो अक्षरजोड्या स्वतःच्या हाताने लिहून १९८० च्या सुमारास सिद्ध केले होते. अनेक कातिबांचा रोजगार गेला, हे दुःख खोटे नाही. ते मी लपवणार नाही. पण लिपी यंत्रात शिरली, कारण ती जाणणारा कुणीतरी स्वतः यंत्रापाशी जाऊन बसला.

आपल्या देवनागरीची कथाही अशीच आहे, आणि तिचा धागा लखनौपासून थोड्याच अंतरावरच्या कानपूरपासून आपल्या पुण्यापर्यंत येतो. १९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्या संगणकावर आणणारे ‘जिस्ट’ तंत्र घडवले. त्याच काळात भारताला हवा असलेला महासंगणक देण्यास अमेरिकेने खळखळ केली, अटी घातल्या. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक साकारला. ‘जिस्ट’चे कामही कानपूरहून याच संस्थेत आले. भारतीय लिप्यांची जी सामाईक सांकेतिक व्यवस्था त्या काळात प्रमाणित झाली, तिच्याच आधारावर जागतिक ‘युनिकोड’मध्ये देवनागरीची मांडणी झाली. आज आपण भ्रमणध्वनीवर नातवंडांना मराठीत आशीर्वाद पाठवतो, त्यामागे ही तपश्चर्या आहे. तंत्रज्ञान नाकारले गेले म्हणून कुणी हात बांधून बसले असते, तर आपली लिपी शर्यतीच्या दारातच थांबली असती.

तेव्हा प्रश्न लिपीचा होता. आजचा प्रश्न मजकुराचा आहे. हे यंत्र मजकूर वाचून शिकते. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख लोक आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. परंतु इंग्रजी विकिपीडियावर सुमारे ७० लाख लेख असताना मराठीत ते एक लाखाच्या आसपास आहेत. आणखी एक गोष्ट सांगते. ही यंत्रे शब्दांचे तुकडे करून वाचतात आणि वापराचा खर्चही तुकड्यांवर मोजला जातो. इंग्रजीतील नेहमीच्या शब्दाचा बहुधा एकच तुकडा होतो. मराठी शब्दाचे अनेक. तोच विचार मराठीत मांडायला यंत्राला अधिक खर्च येतो. ज्या भाषेत मजकूर थोडा, तिचे तुकडे अधिक. तिच्यात यंत्राच्या चुकाही अधिक. आपली भाषा या शर्यतीत केवळ गिऱ्हाईक म्हणून उभी राहायची नसेल, तर ती लिहिणारी माणसे हवीत.

यासाठी आम्ही शाळेत काय करतो, ते थोडक्यात सांगते. गेल्या वर्षी आठवीच्या निबंधांत एकाच वळणाची, निर्दोष पण निर्जीव वाक्ये दिसू लागली. ती कुठून आली, हे ओळखायला पोलिसांची गरज नव्हती. रागावण्याऐवजी मला पुन्हा अमीनाबाद आठवले. तिथे आई चिकनचे कापड घेताना आधी ते उलटून पाहत असे. हातचे काम असेल, तर मागच्या बाजूला टाक्यांची, गाठींची खूण दिसते. यंत्राचे भरतकाम मागूनही वेगळेच दिसते. लखनवी चिकनकामाला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी गिऱ्हाइकाला आजही स्वतःची नजर वापरावीच लागते. म्हणून आता आम्ही निबंधाचीही मागची बाजू पाहतो. निबंध वर्गात लिहायचा, आणि खाडाखोडीच्या कच्च्या वहीलाही गुण द्यायचे. शब्द का बदलला, हे मुलाने सांगायचे.

दुसरा प्रयोग नववीचा. यंत्राला पेरणीविषयी मराठीत लिहायला सांगितले. ‘बियाण्यांची लागवड केली जाते’ अशा थाटाचा परिच्छेद आला. मग मुले आपापल्या आजी-आजोबांकडे गेली आणि तिफण, पाभर, वखर, चाडे असे शब्द अर्थासहित घेऊन आली. एका मुलीने वर्गात उभे राहून यंत्राच्या परिच्छेदातील पाच वाक्ये दुरुस्त केली. तिच्या चेहऱ्यावरचा विश्वास मी कोणत्याही गुणपत्रिकेवर पाहिलेला नाही. यंत्र काय चुकले, हे सांगण्यासाठी विषयाचे आणि भाषेचे ज्ञान यंत्रापेक्षा अधिक असावे लागते. मला तरी नव्या मुलांसाठी पाय ठेवण्याची पहिली पायरी हीच दिसते.

इंग्रजी उत्तम शिकवण्याची जबाबदारी आम्ही झटकत नाही. ती भाषा मुलांना आलीच पाहिजे. संगणक कक्षातील यंत्रे जुनी आहेत, हेही मान्य करते. मराठी माध्यमात शिकले की नोकरी पक्की, असे आश्वासन मी देऊ शकत नाही. कोणत्याही माध्यमाची मुख्याध्यापिका आज ते देऊ शकणार नाही. मी एवढेच म्हणते की, जे मूल एका भाषेत खोलवर विचार करायला शिकते, त्याला यंत्राला नेमका प्रश्न विचारता येतो आणि आलेल्या उत्तरावर शंका घेता येते. ही खोली बहुतेक मुलांना सर्वप्रथम घरच्या भाषेत गवसते.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपण शाळेला देणगी देता, त्याबद्दल कृतज्ञ आहोतच. आता आपल्या ज्ञानाची देणगी मराठीतून द्या. कुणी अभियंता, कुणी परिचारिका, कुणी शेतकरी, कुणी लेखापाल आहे. आपल्या कामाविषयी दोन पाने स्वच्छ मराठीत लिहून पाठवा. मुले ती वाचतील, तपासतील, प्रश्न विचारतील, आणि आपल्या संमतीने ती सर्वांसाठी महाजालावर खुली ठेवू.

ते पालक आज या सभागृहात आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. असतील, तर त्यांना सांगते : तुमचा प्रश्न योग्य होता, आणि उत्तर द्यायला मला उशीर झाला. मुलगी जिथे असेल तिथे सुखाने शिको. पण शनिवारी दुपारी आमच्या नववीचा वर्ग शब्द गोळा करायला बसतो, तेव्हा तिला जरूर घेऊन या. त्यासाठी दाखला लागत नाही.