वाटणी आणि मागे राहिलेली भांडी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात खडकी येथे दिलेले व्याख्यान)



यंदाच्या मेळाव्यात मी बोलावे असे चिटणीसांनी सुचविले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाच्या निमित्ताने मी शिक्षणाविषयी चार शब्द सांगावेत अशी त्यांची अपेक्षा होती. मी विषय बदलून घेतला. गेल्या काही वर्षांत ज्या ज्या घरी मी समाचारास गेलो, त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी तेराव्याची पाने उठण्यापूर्वीच वाटणीची कुजबूज कानी आली. समाजाच्या व्यासपीठावर वधूवरांविषयी आपण बोलतो, शिष्यवृत्तीविषयी बोलतो. परंतु आईबापांमागे भावंडे एकमेकांची तोंडे पाहीनाशी होतात, त्याविषयी बोलत नाही. घरातले उणे चारचौघांत काढू नये, असे आपल्याला वाटते. म्हणून आज मी माझ्या घरातलेच उणे काढणार आहे. मी कायदेपंडित नव्हे. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत जन्म घालविलेला शिक्षक आहे, हे ध्यानी ठेवून माझे बोलणे ऐकावे.

प्रथम एक गोष्ट सांगतो. भांडण पैशावरून होते, असा आपला समज असतो. माझा अनुभव निराळा आहे. रोख रकमेला तिनाने भाग जातो. समईला जात नाही. तांब्याचा बंब, आजीची पितळी परात, वडिलांचे मनगटी घड्याळ, आईच्या पाटल्या, देवघरातले टाक, या वस्तूंपाशी येऊन घरे फुटतात. टाकांची निदान काही रीत आपल्याकडे होती. थोरल्याने मूळचे टाक ठेवावयाचे आणि धाकट्याने वेगळे होताना आपले नवे घडवून घ्यावयाचे. भांड्यांवर नावे घालण्याची चालही मला मोठी शहाणपणाची वाटते. कोणाच्या लग्नात, कोणाकडून, कोणत्या साली भांडे आले ते त्याच्या अंगावरच कोरलेले असे, आणि कोरलेल्या अक्षरांशी हुज्जत घालता येत नाही. आता स्टीलच्या डब्यांवर कोणी नाव घालीत नाही, आणि ज्यांवर नाव आहे तेही वाचण्याची कोणाला गरज वाटत नाही.

आता माझ्या घरची हकीकत. आमचे वडील येथील दारूगोळा कारखान्यात नोकरीस होते. निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून त्यांनी बोपोडीस दोन खोल्या घेतल्या. १९९१ साली ते गेले, १९९८ साली आई गेली. मृत्युपत्र कोणीच केले नव्हते. मागे आम्ही तिघे: दादा, मी आणि धाकटी बहीण. तेराव्या दिवशी संध्याकाळी दादाने एक कागद पुढे केला. बहिणीचे हक्कसोडपत्र होते ते. 'तुझे लग्न आम्ही केले, आता येथे सही कर', इतकेच तो म्हणाला. हा कागद आणण्याचे आम्हा दोघा भावांचे आधीच ठरले होते, हे मला येथे कबूल केले पाहिजे. बहिणीने तो न वाचता सही केली. मग तिने एकच गोष्ट मागितली. आईचे शिवणयंत्र. त्या यंत्रावर आईने शेजारपाजारच्या चोळ्या-पोलकी शिवून आमची फी भरली होती, आणि बहीण तिच्या शेजारी बसून काजे करीत असे. वहिनी म्हणाल्या की यंत्र घरात वापरात आहे. वस्तुतः ते वापरात नव्हते. मला ते ठाऊक होते, आणि मी गप्प बसलो.

पुढे चौदा वर्षे ती भाऊबीजेस आली नाही. पत्राला उत्तर येई, खुशाली कळे. पण तिचे पाऊल उंबऱ्याला लागले नाही. २०१२ साली भाचीच्या लग्नाची पत्रिका आली ती टपालाने. मामाच्या घरी पत्रिका टपालाने येते, याचा अर्थ आपणांस निराळा सांगावयास नको. तरीही मी गेलो. मांडवात तिने मला पाणी दिले आणि बाजूस येऊन म्हणाली, "नाना, मला खोली नकोच होती. तू विचारलं असतंस, तर मीच नको म्हटलं असतं. पण तुम्ही विचारलंच नाही."

आम्ही तिचे किती घेतले होते, याचा हिशेब मी नंतर पाटीवर मांडावा तसा मांडला. वडिलांची मिळकत स्वकष्टार्जित. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा, मुलगे आणि मुली हे सारखे वारस. म्हणजे वडिलांमागे आईचा एक चतुर्थांश आणि आम्हा तिघांचा प्रत्येकी एक चतुर्थांश. आई गेल्यावर तिच्या चतुर्थांशाचे तीन भाग, म्हणजे प्रत्येकी एक द्वादशांश. एक चतुर्थांश अधिक एक द्वादशांश मिळून एक तृतीयांश. बहिणीचा हिस्सा आम्हा भावांच्या हिश्श्याइतकाच होता, यत्किंचितही कमी नव्हता. लग्नाचा खर्च हा हिस्सा नव्हे. १९५६ पासून हा कायदा या देशात आहे, आणि चौथीच्या मुलांना अपूर्णांक शिकविणाऱ्या मला तो १९९८ साली ठाऊक नव्हता; किंवा ठाऊक करून घ्यावयाचा नव्हता.

वडिलोपार्जित, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीची गोष्ट थोडी निराळी. तेथे मुलगी जन्मतः सहदायाद नसे. महाराष्ट्राने १९९४ साली दुरुस्ती करून २२ जून १९९४ रोजी अविवाहित असलेल्या मुलींना तो हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो विवाहित-अविवाहित साऱ्याच मुलींना मिळाला. त्या दिवशी वडील हयात असावयास हवेत की नको, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी, वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय दिला.

पाटल्यांविषयीही एक खुलासा केला पाहिजे, कारण येथे गैरसमज उलट बाजूचा आहे. आईचे दागिने मुलींचेच, असे घरोघर मानले जाते. जुन्या धर्मशास्त्रात स्त्रीधनावर मुलींचा हक्क पहिला होता, हे खरे. परंतु १९५६ नंतर आईने मृत्युपत्र केले नसेल, तर तिच्या दागिन्यांवरही मुलगे, मुली आणि हयात असल्यास पती यांचा सारखाच हक्क आहे. मुलींना दागिने मिळावेत असे आईच्या मनात असेल, तर तिने ते लिहून ठेवावे किंवा हयातीतच द्यावेत. शास्त्राविषयी आणखी एक गोष्ट जाता जाता सांगतो. पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात काशीस 'व्यवहारमयूख' लिहिला. मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी त्याच्या आधारे बहिणीला वारसांमध्ये इतर प्रांतांपेक्षा वरचे स्थान दिले. तेव्हा बहिणीला वाटा देणे हे काही परक्यांकडून आलेले खूळ आहे, असे कोणी म्हणू नये.

आपल्या खडकीत आणखी एक गुंतागुंत आहे. छावणीच्या हद्दीत पुष्कळ जुन्या बंगल्यांची जमीन सरकारची आणि वरचे बांधकाम तेवढे धारकाचे, असा प्रकार असतो. जमीन आपलीच आहे असे समजून भाऊ भाऊ कोर्टात जातात, आणि मग कागद पाहिल्यावर वाटावयाचे काय याचाच प्रश्न उभा राहतो. कारखान्याच्या क्वार्टर्सचे तर बोलावयास नको.

नामनिर्देशनाचेही तसेच. पुस्तकावर ज्याचे नाव, तो मालक, असे आपण समजतो. 'कालनिर्णय'चे संस्थापक कै. जयंतराव साळगावकर २०१३ साली निवर्तले. मृत्युपत्र त्यांनी केले होते. तरी त्यांच्या मागे गुंतवणुकीतील नामनिर्देशित व्यक्तीच मालक की काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने सांगितले की शेअर व म्युच्युअल फंडांतील नामनिर्देशनाने वारसाहक्क बदलत नाही. घरोघर लोकांना वार-तिथी सांगणाऱ्या माणसाच्या घरी ही वेळ आली, तर आपली काय कथा!

मृत्युपत्र केले म्हणजे सारे निवले, असेही नाही. पुण्यातलेच ताईमहाराज प्रकरण घ्या. सरदार बाबामहाराज पंडित हे लोकमान्य टिळकांचे स्नेही. ७ ऑगस्ट १८९७ रोजी मृत्युशय्येवर त्यांनी मृत्युपत्र केले आणि विश्वस्तांत टिळकांना घातले. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात तीनच दिवसांपूर्वी जामिनावर सुटून आलेले. मागे राहिल्या कोवळ्या वयाच्या पत्नी ताईमहाराज. त्यांना झालेला मुलगा थोड्याच दिवसांत वारला. मग १९०१ साली औरंगाबादेस जगन्नाथ हा मुलगा दत्तक घेण्यात आला. आणि लवकरच ताईमहाराजांनी ते दत्तक नाकारून दुसऱ्या मुलाचा पक्ष धरला. खोटी साक्ष दिल्याच्या आरोपावरून टिळकांना शिक्षा झाली. ती १९०४ साली हायकोर्टाने रद्द केली. दत्तकाचा दावा मात्र चालूच राहिला. १९०३ साली ताईमहाराज वारल्या. टिळक मंडालेस सहा वर्षे काढून परतले. १९१५ साली विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथाचे दत्तक कायम केले. अठरा वर्षे! लोकमान्यांसारखा कायद्याचा जाणकार विश्वस्त असतानाची ही गोष्ट. या प्रकरणात टिळकांच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र वाचताना नेहमी त्या मुलीचे आश्चर्य वाटते, की तिच्या मनात काय आहे हे प्रारंभीच कोणी स्वस्थपणे बसून विचारले असेल काय.

गोमंतकातील पद्धत मला विचार करण्यासारखी वाटते. तेथे पोर्तुगीज अमदानीपासून असा नियम आहे की आईबापांना निम्म्याच मिळकतीचे मृत्युपत्र करता येते. उरलेले निम्मे मुलामुलींना द्यावेच लागते. वारसांत एकमत नसेल, तर न्यायालयात मिळकतीची यादी होते. एखादी वस्तू दोघांना हवी असेल, तर वारसांतच बोली लावता येते. घेणारा इतरांना त्यांचे पैसे देतो. ही बोली कोर्टाऐवजी आपापल्या माजघरात, सर्वांदेखत, का होऊ नये? माझ्या परिचयाच्या एका घरी तीन भावंडांनी समईसाठी अशी बोली केली आणि पैसे चौथ्या, विधवा बहिणीला दिले.

मंडळाने या कामी पंच नेमावेत, अशी सूचना मागील सभेत आली होती. पूर्वी गोतसभा वतनाचे तंटे तोडीत, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु आज ज्ञातीला निवाडा करण्याचा किंवा न ऐकणाऱ्यास वाळीत टाकण्याचा अधिकार नाही. २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने तो गुन्हा ठरविला आहे, आणि योग्यच केले आहे. आपण समजूत घालू शकतो, कागद वाचून दाखवू शकतो, लोकअदालतीची वाट दाखवू शकतो. तेथे तडजोड झाली तर ती हुकूमनाम्यासारखीच बंधनकारक असते.

मृत्युपत्राला स्टँपपेपर लागत नाही. साध्या कागदावर चालते. आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात. नोंदणी ऐच्छिक आहे, पण करावी. मी माझे केले आहे. त्यात खोली-पैसा चार ओळींत आटोपला. भांडीकुंडी, पुस्तके, सायकल यांची यादी दीड पान झाली. ती लिहिताना मी आणि आमच्या सौभाग्यवतींनी मुलगा, सून आणि मुलगी यांना समोर बसविले होते. मुलीने मागितला तो तांब्या मी कधीच मोलाचा धरला नव्हता.

हे मृत्युपत्र घेऊन मी बहिणीकडे गेलो, तिला वाचून दाखविले. ती आता भाऊबीजेस येते. शिवणयंत्र मात्र मी तिला देऊ शकलो नाही. आई गेल्यानंतर दुसऱ्याच वर्षी ते भंगारवाल्याला दिलेले होते.

दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी मंडळाच्या कार्यालयात असतो. समाजातील एक वकीलबंधूही विनामूल्य बसण्यास तयार झाले आहेत. ज्यांना काही विचारावयाचे असेल त्यांनी कागदपत्रे घेऊन अवश्य यावे. आणि येताना बहिणींना घरी ठेवून येऊ नये.