जांगडाची वही

श्रोतेहो, आम्ही पटवेगार. राजारामपुरीतल्या घरी अम्मी मुलामा दिलेल्या चांदीचे कोल्हापुरी साज गाठवायची आणि दुकानात जांगडावर ठेवायची. जांगड म्हणजे विकलं तर पैसे, नाहीतर माल परत. तोवर मालकी आपलीच. दुकानदार म्हणायचा, ‘अजून गेला नाही.’ एका लग्नात तोच साज नवरीच्या गळ्यात दिसला. अम्मीनं आपली गाठ ओळखली. भांडली नाही. मला म्हणाली, ‘बेटा, बी.ए. झालास ना? मग लिही.’ तारीख, वजन, पानड्या २१, किंमत, मुदत. खाली दुकानदाराची सही. माझं पहिलं उपयोगी लेखन ते! आज माझे कवितासंग्रहही दुकानांत जांगडावरच असतात. आपली गाठ आपल्याला ओळखता येते, श्रोतेहो. पण पैसे मिळतात ते सहीवर.